हातचं राखून

लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिणेला पेकम नावाचा भाग आहे. तिथली राय लेन ही बाजारपेठ शनिवारी सकाळी बघावी. दुकानांबाहेर हातभर लांबीचे याम कंद रचलेले असतात. भाजीची जाडजूड केळी, टोपल्यांतून लाल-पिवळ्या स्कॉच बॉनेट मिरच्या, पाम तेलाच्या केशरी बाटल्या. एका कोपऱ्यात वाळवलेला कॉड मासा, इतका कडक की दुकानदार तो करवतीनं कापून देतो. हा मासा नॉर्वेच्या उत्तरेकडच्या बेटांवर थंड वाऱ्यात सुकतो आणि त्याचं एक मोठं गिऱ्हाईक आहे नायजेरिया. खाण्याच्या बाबतीत भूगोल फारसा कामाला येत नाही, हे त्या दुकानात उभं राहिलं की पटतं.

माझी मावसबहीण नीला या भागात राहते. पुढची गोष्ट तिच्याकडून ऐकलेली. माणसांची नावं मी बदलली आहेत, पदार्थांची नाहीत.

नीलाच्या समोरच्या दारात इया बिसी राहतात. बिसी ही त्यांची थोरली मुलगी आणि इया म्हणजे आई. योरुबा लोकांत मोठ्या बाईला तिच्या नावानं हाक मारत नाहीत. नीला त्यांना आंटी म्हणते. बाई मूळच्या नायजेरियातल्या लागोसच्या. 1980 च्या दशकात तेलाचे भाव कोसळले, 1986 मध्ये तिथलं चलन नायराही गडगडलं आणि शिकल्यासवरल्या कुटुंबांनी परदेशाची वाट धरली, त्यातलं हे एक. यजमानांना मनासारखी नोकरी काही मिळाली नाही. इया बिसी पहाटे उठून ऑफिसं झाडायला जायच्या आणि दुपारी घरी स्वयंपाकाच्या ऑर्डरी घ्यायच्या. पुढे झाडणं सुटलं, स्वयंपाक राहिला. यजमान गेल्यावर तीन मुलं शिकून मार्गी लागली ती त्या स्वयंपाकावरच.

ऑर्डरी म्हणजे पार्ट्यांच्या. योरुबा माणसाला लहान पार्टी माहीतच नाही. बाळाचं नाव आठव्या दिवशी ठेवतात, त्याच्या जिभेला मध आणि मीठ लावतात, आणि मग हॉल भाड्यानं घेऊन दोनशे माणसं जेवतात. पन्नाशी, साठी, लग्न, वडिलांची पुण्यतिथी, सगळ्याला हॉल. घरचे लोक एकाच ताग्यातल्या कापडाचे कपडे शिवून येतात. आणि टेबलावर जोलोफ भात नसेल तर आलेले पाहुणे पुढची दहा वर्षं ते विसरत नाहीत.

हा भात ऐकायला सोपा आहे. लांब दाण्याचा उकडा तांदूळ, टोमॅटो, लाल ढब्बू मिरची, कांदा, स्कॉच बॉनेट, वाळलेलं थाईम, तमालपत्र, मांस शिजवलेलं पाणी आणि थोडी करी पावडर. (करी पावडर ही इंग्रजांनी आपल्या नावावर खपवलेली भुकटी, साम्राज्य गेलं, पुडी लागोसच्या फळीवर राहिली.) नीलाच्या नवऱ्यानं तो पहिल्यांदा बघितला तेव्हा म्हणाला, "अगं, हा तर टोमॅटो भात." दोन घास खाल्ल्यावर गप्प बसला आणि ताट पुढे केलं. या भाताचं मूळ सेनेगलकडचं. तिथल्या मासे-भाताची युनेस्कोनं 2021 मध्ये मानवजातीचा वारसा म्हणून नोंदही केली. पण ही माहिती नायजेरियन बाईच्या स्वयंपाकघरात उभं राहून देऊ नये. आणि घानाच्या जोलोफचं कौतुक तर चुकूनही करू नये.

शनिवारी दुपारी ऑर्डर नसेल तर इया बिसींच्या ओट्याभोवती बायका जमायच्या. इंग्लंडात जन्मलेल्या चर्चमधल्या तरुण मुली असायच्या, ज्यांच्या सासवा लागोसहून महिनाभर राहायला येणार असायच्या. बस चालवणारी एक जमैकन बाई असायची, शाळेतली एक इंग्लिश मास्तरीण असायची आणि नीला. इया बिसी शिकवायच्या, आणि पैसे घ्यायच्या नाहीत. कलिंगडाच्या जातीच्या एका फळाच्या बिया वाटून पाम तेलात परतायच्या, त्यात पालेभाजी आणि मांस घालायचं, की एगुसीचा दाट रस्सा झाला. कसावा किसून, आंबवून, पिळून, भाजून केलेली गारी भांड्यातल्या उकळत्या पाण्यात सोडायची आणि लाकडी उलथन्यानं घोटायची, की एबा झाला. एब्याचा घास उजव्या हातानं तोडायचा, अंगठ्यानं त्याला खळगा पाडायचा, रश्शात बुडवायचा आणि न चावता गिळायचा. नीलाचे दात सवयीनं चालायचे आणि सगळ्याजणी हसायच्या. तिनं वही केली होती. इया बिसींना वहीची गंमत वाटायची, कारण त्यांच्याकडे वाटी-चमचा असं माप नव्हतं, त्या म्हणायच्या, "डोळ्यांनी बघ, माय डॉटर, कागदाला चव कळत नाही."

आंटी सगळं सगळं दाखवतात, असं त्या बायकांना वाटायचं.

प्रत्येकीला एक पायरी कमी सांगायची, हा इया बिसींचा नेम होता. खोटं त्या कधी बोलल्या नाहीत. विचारलं त्याचं उत्तर द्यायच्या, फक्त ज्याबद्दल विचारायचं कोणाला सुचणार नाही ते स्वतःहून सांगायच्या नाहीत. जोलोफ होत आला की शेवटी आच वाढवायची, झाकण काढायचं नाही, ढवळायचं नाही, तळाला जरासा लागू द्यायचा आणि तो धूर वरच्या भातात चढू द्यायचा. लाकडाच्या चुलीवर मोठ्या पातेल्यात होणाऱ्या पार्टीच्या भाताची सगळी खूण त्या धुरात आहे. ही वेळ आली की त्या बायकांना बाहेरच्या खोलीत बसवून शीतपेय द्यायच्या.

एगुसीत इरू घालतात. एका आफ्रिकन झाडाच्या शेंगांतल्या बिया तासन्‌तास उकडून, सालं काढून, आंबवून इरू करतात, आणि बरणी उघडली की सुकटीच्या डब्यासारखा भपकारा येतो. इंग्लिश मास्तरणीनं नाक मुरडलं तेव्हा इया बिसी हसून म्हणाल्या, "नाही घातलं तरी चालतं." पुढे हे वाक्य त्यांनी सगळ्यांसाठीच वापरायला सुरुवात केली. स्वतःच्या पातेल्यात मात्र सगळ्याजणी निघून गेल्यावर बरणी उपडी व्हायची.

आणि अकारा. सालं काढलेली चवळी वाटून तळलेले हे वडे म्हणजे शनिवारच्या नायजेरियन न्याहारीचा जीव. ते आतून जाळीदार व्हायला हवे असतील तर दोन गोष्टी लागतात: वाटण हात दुखेपर्यंत फेटायचं, आणि मीठ अगदी शेवटी, तेल तापल्यावर घालायचं, कारण मीठ आधी पडलं की वाटणाला पाणी सुटतं आणि फेटण्याची मेहनत वाया जाते. इया बिसींनी एकीला फेटायचं सांगितलं, मिठाचं सांगितलं नाही. दुसरीला मिठाचं सांगितलं, फेटायचं नाही. तिसरीला दोन्ही नाही. कोणाला काय दिलं आणि काय ठेवलं, हा हिशेब त्यांच्या डोक्यात बँकेच्या पासबुकापेक्षा पक्का होता.

त्यांना कपटी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. लहानपणी त्या लागोसच्या मुशिन भागातल्या एका खाणावळीत कामाला होत्या. मालकीणबाई रश्शात काही घालायची वेळ आली की या पोरीला पाणी आणायला पिटाळायच्या. पोरगी बादली दाराबाहेर ठेवून फटीतून बघायची. म्हणजे जे आलं ते चोरून आलं. पुढे लंडनमध्ये सुरुवातीच्या काळात एका मैत्रिणीला त्यांनी आतलं-बाहेरचं सगळं शिकवलं. वर्षाच्या आत ती मैत्रीण निम्म्या भावात ऑर्डरी घेऊ लागली. पदरात तीन मुलं, नवऱ्याची नोकरी कच्ची, आणि हा पोटावर पाय. तेव्हापासून इया बिसींनी हातचं राखायला सुरुवात केली, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी त्यांच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं.

अडचण अशी झाली की मुलं मोठी झाली, पोटाची चिंता मिटली, तरी सवय सुटली नाही.

2014 मध्ये जेमी ऑलिव्हर या इंग्लिश शेफनं जोलोफची स्वतःची कृती प्रसिद्ध केली. त्यात कोथिंबीर होती, पार्सली होती, देठासकट चेरी टोमॅटो होते आणि वर लिंबाची फोड. पश्चिम आफ्रिकेतली झाडून सगळी माणसं त्याच्यावर तुटून पडली. एरवी भातावरून एकमेकांचं तोंड न बघणारे नायजेरियन आणि घानावाले त्या आठवड्यात एक झाले. इया बिसींच्या घरातही दोन दिवस दुसरा विषय नव्हता. "अर्धवट शिकायचं आणि जगाला शिकवायला निघायचं!" त्या कडाडल्या.

सुट्टीला आलेली बिसी सोफ्यावर पाय पसरून बसली होती. ती म्हणाली, "मम्मी, त्याला अर्धवट शिकवलं कोणी असेल?"

इया बिसींनी टीव्हीचा आवाज वाढवला.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत त्या चर्चमधून घरी येताना फुटपाथवर गोठलेल्या पाण्यावरून घसरल्या. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं, कोपरापर्यंत प्लास्टर चढलं. बिसी मँचेस्टरला, दुसरी मुलगी कॅनडात, मुलगा लागोसला परत गेलेला. बिसी आठ दिवस राहून गेली. मग चर्चमधल्या बायकांनी वार वाटून घेतले. सोमवारी एकीचा डबा, मंगळवारी दुसरीचा. गुरुवार नीलाकडे आला. ज्या बाईनं अर्ध्या पेकमला जेवू घातलं, तिला उपाशी कोण ठेवणार? डबे भरभरून येत होते.

सोमवारी जोलोफ आला. रंगाला सुरेख, दाणा न्‌ दाणा मोकळा. इया बिसींनी डाव्या हातानं चमचा तोंडात घातला आणि थांबल्या. धूर नव्हता. मंगळवारी एगुसी आलं. नीटनेटकं, सभ्य, सरकारी कचेरीतल्या पत्राइतकं सभ्य, इरू नव्हतं. बुधवारचा रस्सा तसाच. शनिवारी अकारा आला तो चपटा आणि दडस, दातांना आत नुसता पिठाचा गोळा लागत होता. कोणाच्या डब्यात नेमकं काय कमी आहे हे त्यांना झाकण उघडण्याआधीच ठाऊक असायचं, कारण ते त्यांनीच कमी केलं होतं. दुसऱ्या आठवड्यात तेच, तिसऱ्या आठवड्यात तेच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. तक्रार करावी तर कोणत्या तोंडानं? "तळाला का लागू दिला नाहीस?" असं विचारलं की समोरची म्हणणार, "तुम्ही कधी सांगितलंत?"

नीला गुरुवारी जोलोफच घेऊन गेली. इया बिसींनी निम्मा खाल्ला, निम्मा झाकून ठेवला.

"आंटी, तुमच्यासारखा होत नाही माझा. काय चुकतं?"

"हात लागतो, माय डॉटर. वर्षं जावी लागतात."

नीलानं ते खरं मानलं. आपल्याकडेही 'तिच्या हाताला चव आहे' या चार शब्दांखाली किती मसाले, किती वेळा आणि किती युक्त्या झाकल्या जातात, याचा कोणी हिशेब ठेवलेला नाही.

सकाळी अर्धा तास कौन्सिलकडून एक मदतनीस यायची. आंघोळ, कपडे, चहा एवढं करून पुढच्या घरी जायची. लुसिया तिचं नाव, ब्राझीलच्या साल्वादोर शहरातली, तिशीतली. एका शनिवारी ओट्यावर आलेला अकारा तिनं बघितला, एक तुकडा तोडला, आणि हसू दाबत विचारलं, "हे आकाराजे आहे?"

"अकारा आहे."

"असा?" लुसिया म्हणाली. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती, नवल होतं. "उद्या मला सुट्टी आहे. मी करून दाखवू?"

इया बिसींना मनातून हसू आलं. ही ब्राझीलची पोरगी लागोसच्या बाईला अकारा करून दाखवणार. त्या हो म्हणाल्या, निदान वेळ तरी जाईल.

रविवारी लुसिया आली ती राय लेनवरूनच चवळी आणि पाम तेल घेऊन. चवळी तिनं आधीच भिजवून आणली होती. सिंकमध्ये मोठं भांडं ठेवून ती दोन्ही तळव्यांमध्ये दाणे चोळायला लागली. पातळ सालं सुटून पाण्यावर तरंगायची, ती ओतून द्यायची, पुन्हा पाणी, पुन्हा चोळणं. एकही काळा डोळा राहू दिला नाही तिनं. मिक्सरमध्ये वाटताना पाणी घातलं ते चमच्यानं, कांजूषपणे. मग वाटण खोलगट पातेल्यात काढलं, किसलेला कांदा टाकला, पातेलं पोटाशी धरलं आणि लाकडी डाव घेऊन फेटायला सुरुवात केली. खालून वर, खालून वर. पिवळट वाटण हळूहळू पांढरं पडलं, फुगलं, पातेल्यात दोन बोटं वर चढलं. इया बिसी खुर्चीवरून सरकून पुढे आल्या. लुसियाच्या कपाळावर घाम आला, तरी डाव थांबेना. पाम तेल कढईत तापलं, त्यात तिनं एक अख्खा कांदा सोडला. तेलातून वास उठला. आणि तेव्हा, अगदी तेव्हा, तिनं मिठाच्या डब्याकडे हात नेला.

"मीठ आत्ता का?" इया बिसींनी विचारलं. उत्तर त्यांना पाठ होतं.

"आधी घातलं तर बसतं ना ते. आजी हातावर मारायची."

पहिला वडा फोडला तेव्हा आतून वाफ आली आणि जाळी दिसली. इया बिसींनी चावून खाल्ला, सावकाश. मग विचारलं, "आजीला कोणी शिकवलं?"

"तिच्या आजीनं."

"आणि तिला?"

लुसियानं झारा कढईवर आपटला. "तिला? ती तुमच्याकडचीच, नाही का?"

हे लुसियानं सहज म्हटलं, पण ते खरं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओयोचं योरुबा राज्य कोसळलं, आपापसात लढाया पेटल्या आणि पकडलेली माणसं किनाऱ्यावर आणून विकली गेली. जहाजं भरभरून ती ब्राझीलच्या बाहिया प्रांतात, साल्वादोरच्या बंदरात उतरली. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली 1888 मध्ये, तोवर पिढ्या गेल्या. या माणसांच्या अंगावर फडकं होतं, बाकी काही नव्हतं. नावंसुद्धा मालकांनी बदलली. पण त्यांच्यातल्या बायकांनी साल्वादोरच्या रस्त्यांवर चवळीचे वडे तळायला घेतले, त्याच पाम तेलात. वारा-वादळाच्या देवीला, ओयाला, नैवेद्य म्हणून आधी, मग पोटासाठी. आजही तिथे पांढरा घेरदार झगा आणि डोक्याला पांढरं फडकं बांधलेल्या बायका चौकाचौकात आकाराजे विकतात, आणि 2005 मध्ये ब्राझीलनं त्यांच्या या धंद्याची राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद केली. चवळीचं तेच वाटण पानात गुंडाळून उकडलं की लागोसला त्याला मोई मोई म्हणतात, साल्वादोरला अबारा. काही जण सुटका झाल्यावर लागोसला परतही आले. लागोस बेटावर त्यांचा वेगळा मोहल्ला आहे, आणि गुड फ्रायडेला तिथे नारळाच्या दुधात शिजवलेल्या घेवड्याचं फ्रेजों अजून होतं. इया बिसींनी ते लहानपणी खाल्लेलं होतं. ते कुठून आलं याचा विचार करायला तेव्हा वेळ नव्हता.

त्या रात्री त्यांना झोप आली नाही, असं त्यांनी नंतर नीलाला सांगितलं. दोनशे वर्षं, मधे अख्खा समुद्र, डोक्यावर मालकाचा चाबूक, आणि तरी अकारा शाबूत राहिला. इकडे दोन बसस्टॉप पलीकडे राहणाऱ्या, गाडीतून येणाऱ्या, वही घेऊन बसणाऱ्या बायकांचा अकारा दडस.

पुढच्या शनिवारी त्यांनी सगळ्यांना बोलावलं. ऑर्डर असेल, आंटींना मदत हवी असेल, म्हणून झाडून सगळ्या आल्या. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून इया बिसी शेगडीजवळ खुर्ची टाकून बसल्या आणि कोणाचंही कुशल न विचारता म्हणाल्या, "मी तुम्हाला सगळं शिकवलेलं नाही. आज शिकवते. अकाऱ्याचं वाटण फेटायचं."

"ते सांगितलं होतंत की," एकजण म्हणाली.

"मला नाही," दुसरी.

"मीठ शेवटी घालायचं."

"ते मला माहीत आहे, फेटायचं माहीत नव्हतं."

"मला दोन्ही माहीत नाही," तिसरी म्हणाली, आणि स्वयंपाकघर एकदम शांत झालं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. इतक्या वर्षांत त्यांनी आपापल्या कृती कधी ताडून बघितल्या नव्हत्या; ताडल्या असत्या तर एकमेकींजवळच सगळं मिळालं असतं. प्रत्येकीला वाटायचं, आपलाच हात कच्चा आहे.

जमैकन बाई सगळ्यात आधी हसली, पोट धरून. "म्हणजे मी नऊ वर्षं उगाच स्वतःला शिव्या दिल्या!" इंग्लिश मास्तरणीनं इरूची बरणी मागून घेतली, उघडली, नाक धरून पुन्हा झाकली, आणि सांगितलं की या वेळी घालून बघते. पण ती तिसरी, जिला दोन्ही सांगितलं नव्हतं, ती हसली नाही. तिची सासू लागोसहून आली होती. महिनाभर सुनेच्या हातचा अकारा तिनं एका शब्दानं नाव न ठेवता खाल्ला होता, आणि जाताना मुलाला बाजूला घेऊन म्हणाली होती की हिला घरच्यांनी काही शिकवलेलं दिसत नाही. "माझी आई मी सहा वर्षांची असताना गेली," ती इया बिसींना म्हणाली. "मला शिकवणाऱ्या तुम्हीच होतात." तिनं कोट घातला आणि गेली.

इया बिसींनी तिला थांबवलं नाही. सबबही सांगितली नाही. मुशिनची खाणावळ, निम्म्या भावातली मैत्रीण, यातलं काही काढलं नाही. थोडा वेळ दाराकडे बघत बसल्या आणि मग नीलाला म्हणाल्या, "तांदूळ धू."

त्या दिवशी जोलोफ पहिल्यांदाच सगळ्यांच्या डोळ्यांदेखत शेवटाला गेला. आच वाढवली. कोणी झाकणाला हात लावायचा नाही. तळातून तडतड ऐकू आली, बारीक धूर झाकणाच्या कडेनं निघाला, आणि कोणाच्याच ध्यानीमनी नसताना छतावरचा धुराचा भोंगा बोंबलायला लागला. नीला स्टुलावर चढून टॉवेलनं वारा घालू लागली, वरच्या मजल्यावरचे म्हातारे गृहस्थ चपला घालून खाली पळाले. इया बिसी खुर्चीतून ओरडत होत्या, "शेगडी बंद करू नका! अजून एक मिनिट!" एवढी वर्षं त्या बायकांना शीतपेय देऊन बाहेर का बसवायच्या, आणि तेव्हा या घराच्या खिडक्या हिवाळ्यातही उघड्या का असायच्या, हे नीलाला स्टुलावर उभ्या उभ्या कळलं.

पुढे काय झालं, तेही सांगायला हवं, नाहीतर गोष्ट फार गोड होईल. त्यातल्या दोघीजणी आता पार्ट्यांच्या ऑर्डरी घेतात. इया बिसींच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी निम्मी त्यांच्याकडे गेली, म्हणजे ज्याची भीती होती ते झालंच. मनगट भरून आलं, पण दोनशे माणसांचं पातेलं ढवळण्याइतका जोर त्यात परत आला नाही, त्यामुळे उरलेल्या ऑर्डरीही त्यांनी त्याच दोघींना देऊन टाकल्या. हॉलमध्ये त्या आता पाहुण्या म्हणून जातात, नव्या कापडाचा फेटा बांधून, आणि जोलोफचा पहिला घास खाऊन झाल्याशिवाय कोणाशी बोलत नाहीत. कोट घालून गेलेली बाई शनिवारी पुन्हा आली नाही. चर्चमध्ये भेटली की रीतीप्रमाणे गुडघे वाकवून नमस्कार करते, चौकशी करत नाही. इया बिसी दर नाताळात तिच्याकडे इरूची एक बरणी पाठवतात. बरणी परत आलेली नाही, उत्तरही आलेलं नाही.

लुसियाचं काम सहा आठवड्यांचं होतं, ते संपलं. ती आता रविवारी काम नसताना येते.

अकारा करून बघायचा असेल तर पाव किलो चवळी तीन-चार तास भिजवा, तळव्यांत चोळून सगळी सालं काढा, पुन्हा तासभर भिजवा. एक लहान कांदा आणि झेपतील तेवढ्या मिरच्या घालून, पाणी चमच्या-चमच्यानं टाकत, घट्ट आणि अगदी गुळगुळीत वाटा. पातेल्यात काढून, फिकट होऊन फुगेपर्यंत फेटा. हात दुखला की आणखी थोडं. तेल मध्यम तापू द्या, धूर येईपर्यंत नको. मग मीठ घाला, एकदा ढवळा आणि लगेच मोठ्या चमच्यानं सोडायला लागा. पाम तेल मिळालं नाही तर आपलं शेंगदाण्याचं चालतं, लागोसलाही पुष्कळ घरांत साध्या तेलातच तळतात. हे नीलाच्या वहीतून उतरवून घेतलं आहे आणि इया बिसींना फोनवर वाचून दाखवलं आहे. काही गाळलेलं नाही.